उंबऱ्याबाहेरचा डबा

एका गावाच्या टोकाला, जिथं घरं संपतात आणि उसाचे फड सुरू होतात, तिथं एक लहानशी वसाहत होती. घरं एकमेकांना खेटून, प्रत्येक घरामागं परसू, परसाला कमरेएवढी भिंत आणि भिंतीपलीकडं ऊसच ऊस. वसाहतीचं एक रहिवासी मंडळ होतं आणि मंडळाचे नियम होते. गाडी कुठं लावायची, पाणी किती वेळ सोडायचं, असले नियम लोक कधी पाळत, कधी विसरत. एक नियम मात्र कोणी विसरू नये म्हणून मंडळाचे औटीनाना जिवाचा आटापिटा करत. तो नियम कचऱ्याच्या डब्यांचा होता.

नियम अगदी साधा. सकाळी घंटागाडी आली की डबा बाहेर आणायचा, गाडीत रिकामा करायचा आणि परत आत न्यायचा. ओल्या कचऱ्याच्या डब्याला घट्ट बसणारं झाकण हवं. आणि दिवेलागणीनंतर एकही डबा उघड्यावर दिसता कामा नये, मग घरात वास येवो नाही तर आणखी काही होवो.

औटीनाना पूर्वी एसटीत कंडक्टर होते. नोकरी सुटली, पण शिट्टी काही सुटली नाही. दिवस कलला की ते वसाहतीतून एक फेरी मारत आणि दर चार घरांमागं शिट्टी फुंकत. शिट्टी वाजली की दारोदारचे डबे आत जात. पोरं त्यांच्या मागं चालत "पुढं सरका, पुढं सरका" म्हणून त्यांची नक्कल करत. नाना रागवत नसत. ते एवढंच म्हणत, "डब्याला कुत्रं येतं. कुत्र्यामागं तो येतो."

तो म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. त्या भागात बिबट्याचं नाव तिन्हीसांजेला घेत नाहीत. नाव घेतलं की तो ऐकतो, असं म्हातारी माणसं सांगतात. उसात त्याचा वावर आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नाना आणखी एक गोष्ट सांगत, तीही पोरासोरांना पाठ झाली होती. "उभ्या माणसाला तो सहसा बिचकतो. वाकलेला माणूस मात्र त्याला शेरडू वाटतो."

या वसाहतीत कुमुद नावाची एक बाई राहत होती. नवरा साखर कारखान्यात पाळीवर जाई, त्यामुळं घरात बहुतेक वेळ ती एकटीच असे. तिच्यासारखी स्वच्छ बाई पंचक्रोशीत सापडायची नाही. तिच्या फरशीत तोंड दिसे. तिच्या स्वयंपाकघरात माशी शिरायला धजत नसे. पाहुणा आला की आधी स्वतःच्या पायांकडं बघे आणि मग आत येई. सकाळी दाराशी सडा आणि ठिपक्यांची रांगोळी, संध्याकाळी ओटा लखलखीत. मटण शिजलं की पातेली वेगळी, घासणी वेगळी, पुसायचं फडकंसुद्धा वेगळं. असं माणूस शेजारी असावं, असं कुणालाही वाटेल. पण शेजारीच असावं की नाही, ते पुढं बघा.

कुमुदच्या आईनं तिला लहानपणी एक सांगून ठेवलं होतं. रात्री घरात खरकटं राहू देऊ नये, लक्ष्मी रुसते. आई गेली, पण शब्द राहिला. आता मंडळ म्हणे डबा रात्री घरात ठेवा, आणि आई म्हणे खरकटं घराबाहेर काढा. कुमुदनं आईचं ऐकलं. त्यात चूक काही नव्हती म्हणा, आईचं ऐकावंच. पण खरकटं बाहेर काढायचं म्हणजे नेमकं कुठं काढायचं, हे आईनं सांगितलं नव्हतं. ते कुमुदनं आपल्या अकलेनं ठरवलं.

नानांची शिट्टी लांब गेली की ती मागच्या दारानं डबा घेऊन बाहेर पडे. तिच्या स्वतःच्या भिंतीला लागून शेवंतीच्या कुंड्या होत्या. तिथं डबा ठेवला असता तर शेवंतीला वास लागला असता. म्हणून ती चार पावलं पुढं जाई आणि शेजारच्या ठकूबाईच्या भिंतीच्या बाहेरच्या कोपऱ्यात डबा टेकवून येई. पहाटे उजाडलं की परत आणी. "तिच्याकडं तरी कुठं कोण येतंय जातंय," असं ती मनाशी म्हणे. एवढं म्हटलं की मन गप्प बसे.

ठकूबाई एकटी होती. वयानं वाकलेली, इतकी की रस्त्यानं चालली तर रस्त्याशी बोलतेय असं वाटावं. कानानं जड. तिच्या चुलीवर जन्मात कधी अंडंही शिजलं नव्हतं. परसात तिचं तुळशीवृंदावन होतं, अगदी त्याच कोपऱ्यातल्या भिंतीच्या आतल्या बाजूला. रोज दिवेलागणीला ती तिथं पणती घेऊन येई, भिंतीकडं पाठ करून वाके, वात पुढं सारी आणि तशीच वाकलेली बराच वेळ काहीबाही पुटपुटत राही.

डब्याला आधी कुत्री आली. झाकण ढिलं होतं, ते नाकानं ढकललं की पडे. वसाहतीचा एक पिवळा कुत्रा होता, खंड्या. तो कुणा एकाचा नव्हता आणि सगळ्यांचा होता. खंड्याला हाडांचा पत्ता लागला आणि त्यानं भाऊबंदही आणले. सकाळी कुमुद जाई तेव्हा अर्धा डबा रिकामा झालेला असे. तिला बरंच वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला.

मग एके दिवशी खंड्या दिसेना. पोरांनी हाका मारल्या, उसाच्या कडेनं शोधलं. बाकीची कुत्रीही कोपऱ्याकडं फिरकेनात. दुसऱ्या दिवशी पहाटे कुमुद डबा आणायला गेली तर डबा आडवा पडला होता. आणि त्याच्याभोवतीच्या ओल्या मातीत पंजे उमटले होते.

कुत्र्याच्या पंजात नखं उमटतात. या पंजांत नखं नव्हती. एकेक पंजा कुमुदच्या तळव्याएवढा होता. ते भिंतीपर्यंत जात होते, तिथं थोडा वेळ घोटाळले होते आणि परत उसात शिरले होते.

अशा वेळी शहाणं माणूस काय करील? धावत जाईल, चार जणांना उठवील. कुमुदनं काय केलं, तर ती घरात गेली आणि केरसुणी घेऊन आली. पंजे झाडून काढले. मग बादली आणून तिथं सडा शिंपडला. आयुष्यभर तिला एवढंच येत होतं. घाण दिसली की पुसायची, म्हणजे ती नाही. आणि सडा घालताना ती सारखी उसाकडं बघत होती, कारण ऊस तिच्याकडं बघतोय असं तिला वाटत होतं.

त्याच सकाळी औटीनाना खंड्याला शोधत त्या कोपऱ्यात आले. पंजे त्यांना दिसले नाहीत, ते पुसले होते. पण हाडं दिसली. गवतात, भिंतीच्या बुडाशी, ठकूबाईच्या तुळशीच्या बरोबर मागं. नानांचा पारा चढला. त्यांनी ठकूबाईला बाहेर बोलावलं.

"मावशी, एवढं कानीकपाळी ओरडतो मी. तुमच्या भिंतीला हाडं कशी?"

ठकूबाईला निम्मंच ऐकू आलं. तिनं हाडांकडं बघितलं आणि तोंडाला पदर लावला. "माझ्या दारात हाडं? अरं, मी अंडंबी खात नाय."

"मग आकाशातनं पडली काय?" नाना म्हणाले. आजूबाजूची चार माणसं जमली होती, त्यांतलं कुणीतरी म्हणालं की म्हातारी कुत्र्यांना घालत असेल कुठून तरी आणून, एकट्या माणसाला काही नाद लागतात.

कुमुद तिथंच होती. दोरीवर धुतलेली चादर टाकत होती. दोन शब्द बोलायचे होते, डबा माझा, बस्स. शब्द जिभेपर्यंत आलेही. पण मग तिला आपली लखलखीत फरशी आठवली, पायांकडं बघून आत येणारे पाहुणे आठवले. सगळ्या वसाहतीत तिचं नाव ज्या एका गोष्टीसाठी घेत होते, तीच गोष्ट हातची जाणार होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिनं शब्द गिळला आणि चादरीच्या आड झाली.

नाना गेल्यावर ठकूबाई शेणाची पाटी घेऊन आली. जिनं जन्मात हाडाला हात लावला नव्हता तिनं एकेक हाड वेचून पाटीत टाकलं. कुमुदनं ते खिडकीच्या फटीतून पाहिलं. तिला जेवण गेलं नाही.

त्या दिवसापासून तिनं डबा बाहेर ठेवणं बंद केलं. झाकणाला दोरी बांधून तो स्वयंपाकघरातच ठेवायला लागली. वास आला तर आला. आईला मनातल्या मनात क्षमा मागितली. तिला वाटलं, डबा नाही तर कुत्रं नाही, कुत्रं नाही तर तो नाही. संपलं. कुणाला काही कळलं नाही आणि कुणाचं काही बिघडलंही नाही.

पण बाई गं, सवय तू लावलीस, ती मोडायची कुणी? ताटावर रोज बसणारा एक दिवस ताट नसलं म्हणून उठून जात नाही. तो वाट बघतो.

दुसऱ्याच संध्याकाळी कुमुद भांडी पुसत खिडकीशी उभी होती. नानांची शिट्टी लांब गेली. वारा पडला होता, पान हलत नव्हतं. आणि उसाची एक ओळ हलली. फक्त एकच. वरचे तुरे एकामागून एक झुकत भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत आले आणि थांबले. तिथंच, जिथं डबा असायचा. कुमुदच्या हातातलं फडकं गळून पडलं. तिनं खिडकी लावली, मागच्या दाराला कडी घातली, वरची खिट्टीही सरकवली आणि भिंतीला पाठ लावून बसली. पलीकडं ठकूबाईची पणती लागली असेल का, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. थोड्या वेळानं ठकूबाईच्या दाराची कडी वाजली आणि तिच्या जिवात जीव आला.

त्याच्या पुढच्या संध्याकाळी तिनं खिडकीची फट ठेवली. या वेळी तिला दोन कान दिसले. भिंतीच्या वर, गवताच्या रंगाचे, टोकाशी गोल. ते तुळशीकडं वळले होते.

आता मात्र सांगायला हवं होतं. दिवसभर ती नानांच्या दारापर्यंत जाई आणि परत येई. जनावर दिसलं, एवढं सांगितलं की नाना विचारणार, त्या कोपऱ्यातच कसं आलं? आणि मग? खाई त्याला खवखवे. एकदा तर नाना समोरूनच आले, म्हणाले, "काय कुमुदताई, बरं नाही का? चेहरा उतरलाय." ती म्हणाली, "पित्त झालंय." ठकूबाईला तेवढं सांगावं, म्हणून तिच्या दाराशी गेली, आणि "मावशी, संध्याकाळी परसात नका जाऊ" एवढंच म्हणाली. ठकूबाईला ते ऐकूच आलं नाही. ती हसली आणि तुळशीच्या मंजिऱ्या कुमुदच्या हातावर ठेवल्या.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला ते घडलं.

शिट्टी वाजून गेली. कुमुद खिडकीशी होती. ऊस हलला नाही, त्यामुळं तिला हायसं वाटलं. नजर उचलली तर तो भिंतीवर होता. आला कधी, ते कळलंच नाही. भिंतीवर चारही पाय जवळ घेऊन बसला होता आणि शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. खाली ठकूबाई वाकून पणतीची वात पुढं सारत होती. तिची पाठ त्याच्याकडं होती. पांढऱ्या लुगड्यातली ती म्हातारी तिथून अगदी शेरडासारखी दिसत होती.

कुमुद ओरडली. चांगली मोठ्यानं ओरडली. ठकूबाईनं मान वर केली नाही. तिला ऐकू गेलंच नव्हतं.

दाराच्या आत राहावं, असं कुमुदचं सगळं अंग तिला सांगत होतं. कडी तिनं स्वतःच घातली होती, खिट्टीही. पण त्या म्हातारीच्या पाठीमागं जे बसलं होतं, तेही तिनंच आणून बसवलं होतं. तिनं डब्याचं झाकण ओढलं. दोरी तुटली, डबा कलंडला आणि सगळं खरकटं तिच्या लखलखीत फरशीवर पसरलं. त्या खरकट्यात पाय देऊन तिनं पोळपाटावरचं लाटणं उचललं, कडी काढली, खिट्टी काढली आणि बाहेर पडली.

मधली भिंत तिनं कशी ओलांडली ते तिला आठवत नाही. पत्र्याच्या झाकणावर लाटणं हाणत ती ठकूबाईच्या आणि भिंतीच्या मधे जाऊन उभी राहिली. तो एवढा जवळ होता की त्याच्या अंगाचा उग्र दर्प तिला आला. तो तिच्याकडं बघत होता. कुमुदचे गुडघे वाकायला लागले. खाली बसावं, डोकं हातांत लपवावं, असं वाटलं. पण नानांचं बोलणं तिला आठवलं. वाकलेला माणूस शेरडू. ती वाकली नाही. झाकण डोक्यावर धरून, रडत रडत, ती लाटणं हाणत राहिली. त्यानं कान मागं पाडले. एकदा दात दाखवले. मग पाणी ओतल्यासारखा तो भिंतीपलीकडं उतरला आणि ऊस हलत हलत दूर गेला.

मग माणसं धावली. बॅटऱ्या आल्या, काठ्या आल्या, औटीनाना धापा टाकत आले. ठकूबाईला ओट्यावर बसवलं, पाणी पाजलं. काय झालं होतं ते कुणीतरी तिला हातवाऱ्यांनी समजावलं.

आणि सगळ्यांनी कुमुदला डोक्यावर घेतलं. केवढी धीराची बाई, वाघिणीचं काळीज, असं जो तो म्हणायला लागला. एकीनं तिच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळायला आणल्या. नाना चारचौघांत म्हणाले, "नियमानं वागणारं माणूस वेळेला असं उपयोगी पडतं." मग ते ठकूबाईकडं वळले. "आणि मावशी, तुमच्या त्या हाडांपायी आज तुमचाच जीव जात होता. आतातरी ऐका."

ठकूबाईनं मान खाली घातली. नाही म्हणायचं तिनं सोडून दिलं होतं.

कुमुदच्या हातात झाकण तसंच होतं. गप्प राहिली असती तर आयुष्यभर लोकांनी तिचं नाव काढलं असतं. जनावरासमोर उभं राहताना जेवढी भीती वाटली होती, त्याहून जास्त आता वाटत होती. जनावर एक होतं, इथं सगळी वसाहत होती. तरी ती बोलली.

"हाडं माझी होती," ती म्हणाली. "डबा मी ठेवत होते तिथं. त्याचे पंजेसुद्धा मीच पुसले."

मीठमोहऱ्या ओवाळणारीचा हात मधेच राहिला.

"काय म्हंती ती?" ठकूबाईनं विचारलं.

कुणीच सांगेना. कुमुद पुढं झाली, म्हातारीच्या पायांशी बसली आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन, सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, ते सगळं तिनं परत पहिल्यापासून सांगितलं. डबा माझा. हाडं माझी. तुम्हाला बोलणी बसली तेव्हा मी चादरीआड होते. दोन संध्याकाळी त्याला बघितलं आणि सांगितलं नाही. एकदा बोलणं सोपं होतं. दुसऱ्यांदा बोलताना तिला आपला एकेक शब्द ऐकू आला.

ठकूबाईनं हात पुढं केला आणि कुमुदच्या हातातलं झाकण घेतलं. पोचे पडलेलं झाकण तिनं उलटसुलट करून पाहिलं.

"झाकण हितं हाय," ती म्हणाली, "म्हंजी डबा तिकडं उघडा पडला असंल. दिवं लागलं. जा, आदी झाकून ये. मग बस माझ्यापाशी."

दुसऱ्या दिवशी कुमुदनं कोपरा दाखवला तेव्हा कुठं वनखात्याच्या माणसांना पिंजरा कुठं लावायचा ते कळलं. तो पिंजऱ्यात आला नाही. काही दिवस ऊस हलत राहिला, मग हलायचा थांबला. खंड्या मात्र परत आला नाही, आणि पोरं कुमुदच्या दारावरून जाताना त्याचं नाव घेत, ते तिला ऐकून घ्यावं लागे. तिन्हीसांजेला नानांच्या शिट्टीमागं आता तीही फिरते. फेरी संपली की ठकूबाईच्या परसात जाते. म्हातारी वाकून वात पुढं सारते, तोवर ही तिच्या पाठीशी उसाकडं तोंड करून उभी राहते. ताठ उभी राहते. भीती अजून वाटतेच.

तात्पर्य: आपली घाण दुसऱ्याच्या दारात सरकवल्यानं आपलं घर स्वच्छ होत नाही. सगळ्यांच्या रक्षणासाठी केलेला नियम एकानं चोरून मोडला, तर संकट निरपराध्याच्या पाठीशी येऊन बसतं, आणि ते नुसतं पुसून जात नाही, चूक मोठ्यानं कबूल करावी तेव्हाच ते टळतं.